भिंत आणि भार

प्रस्तावना

मागील पाठांत आपण कथा, कविता आणि ललित लेख यांचा परिचय करून घेतला. भाषेचे कार्य तेवढ्यापुरते मर्यादित नसते. एखादी वस्तू कशी घडते, एखादे काम कोणत्या क्रमाने करावे, त्यात कोणता धोका संभवतो, हे सांगण्यासाठीही भाषा लागते. अशा लेखनास माहितीपर लेखन म्हणतात. त्यात कल्पनेच्या भरारीपेक्षा निरीक्षणाला, आणि अलंकारापेक्षा अचूकपणाला महत्त्व असते. चुकीचा शब्द कवितेचा रसभंग करतो. माहितीपर लेखनातला चुकीचा शब्द मात्र प्रत्यक्ष नुकसानही करू शकतो.

प्रस्तुत पाठाचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ वाटेल. जिप्सम बोर्डाच्या पोकळ भिंतीवर पुस्तकांची फळी बसवायची असेल, तर तिला आधार कोणता द्यावा? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात पदार्थविज्ञान आहे, थोडे गणित आहे, आणि घरात वावरणाऱ्या माणसांविषयीची जबाबदारीही आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपणांस –

- जिप्सम बोर्डाच्या भिंतीची रचना स्पष्ट करता येईल;
- भिंतीच्या प्रकारानुसार योग्य आधाराची निवड कशी करावी हे सांगता येईल;
- फळीवरील भाराचा आणि स्क्रूवरील ओढीचा अंदाज काढता येईल;
- 'वजन', 'भार', 'ओढ' यांसारख्या शब्दांतील अर्थभेद ओळखता येतील;
- एखाद्या कामाची कृती क्रमवार व नेमक्या शब्दांत लिहिता येईल.

मूळ पाठ

१. बदललेली भिंत

जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या असत. त्या जाडीतच कोनाडे कोरलेले असत, फडताळे बसवलेली असत. दिवा कोनाड्यात, पोथी फडताळात आणि पागोटे खुंटीवर, अशी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे. भिंत केवळ घराची सीमा नव्हती. ती घरातला भार वाहणारी होती. विटांची आणि सिमेंटची भिंत आली, तिची जाडी कमी झाली, कोनाडे गेले. तरी तिचे अंग भरीव राहिले. तिच्यात छिद्र पाडावे, गिट्टी ठोकावी, स्क्रू पिळावा आणि फळी टांगावी, ही रीत आपल्या अंगवळणी पडली.

आता तिसऱ्या प्रकारची भिंत आपल्यासमोर उभी आहे. अमेरिकेतील बहुसंख्य घरांच्या आणि ब्रिटनमधील अनेक घरांच्या आतल्या भिंती जिप्सम बोर्डाच्या असतात. आपल्या देशात हे बोर्ड प्रामुख्याने छताखालच्या फॉल सीलिंगमध्ये आणि कार्यालयांतील आडभिंतींत दिसतात. काही नव्या घरांतही खोल्या विभागण्यासाठी त्यांचा वापर होतो. मुंबई, पुणे, बंगळूर किंवा हैदराबाद येथील कार्यालयात काम करणाऱ्याला, अथवा परदेशी जाऊन भाड्याच्या घरात संसार मांडणाऱ्या मराठी कुटुंबाला, या भिंतीशी गाठ पडतेच. ती बाहेरून इतर भिंतींसारखीच गुळगुळीत आणि रंगवलेली दिसते. तिचा स्वभाव मात्र सर्वस्वी निराळा असतो.

२. बोर्डाची घडण

जिप्सम, म्हणजेच चिरोडी, हे एक मऊ खनिज आहे. आपल्या देशात ते मुख्यतः राजस्थानात सापडते. कॅल्शियम सल्फेट आणि पाणी यांचे ते संयुग असून, त्याच्या वजनाच्या सुमारे २१ टक्के भाग पाण्याचा असतो. सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते आणि 'प्लास्टर ऑफ पॅरिस' तयार होते. गणेशमूर्तींसाठी आणि मोडलेले हाड बांधण्यासाठी वापरला जातो तो हाच पदार्थ. त्यात पाणी कालवले की तो पुन्हा घट्ट होऊन जिप्सम बनतो.

हा कालवलेला लगदा दोन जाड कागदांमध्ये पसरून, घट्ट करून आणि वाळवून जिप्सम बोर्ड तयार करतात. अमेरिकेतील ऑगस्टीन सॅकेट यांना अशा प्रकारच्या बोर्डाचे एकस्व १८९४ मध्ये मिळाले. त्यांच्या बोर्डात कागदाचे अनेक थर असत. आजच्या बोर्डात मध्ये एकसंध जिप्सम आणि दोन्ही अंगांना कागद असतो. भिंतीसाठी साधारणतः १२.५ मि.मी. जाडीचा बोर्ड वापरतात.

लाकडाचे किंवा पत्र्याचे उभे खांब ठरावीक अंतरावर रोवून त्यांच्या दोन्ही बाजूंना हे बोर्ड स्क्रूने जखडले, की भिंत तयार होते. ब्रिटनमध्ये हे अंतर बहुधा ४०० किंवा ६०० मि.मी. असते, आपल्याकडील पत्र्याच्या सांगाड्यात ते सामान्यतः ६०० मि.मी.च्या आसपास असते. दोन खांबांच्या मध्ये असते ती पोकळी, आणि कधी त्या पोकळीत आवाज रोखणारी लोकर.

या भिंतीचे गुण पुष्कळ आहेत. ती हलकी असते, लवकर उभी राहते आणि आग लागल्यास जिप्सममधले पाणी वाफ होऊन काही काळ उष्णता थोपवून धरते. परंतु तिचा बोर्ड ठिसूळ असतो. त्याची बरीचशी ताकद दोन्ही अंगांच्या कागदात असते. कागद फाटला किंवा ओल धरून बोर्ड नरम झाला, की ती ताकद झपाट्याने घटते.

३. गिट्टी येथे का टिकत नाही?

भरीव भिंतीतील गिट्टीचे तत्त्व साधे आहे. स्क्रू आत शिरतो, गिट्टी फुगते, आणि चहूबाजूंनी विटेवर दाब देते. त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण स्क्रूला धरून ठेवते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी तागाच्या धाग्यांची अशी गिट्टी तयार केली. 'रॉलप्लग' हा शब्द त्यांच्याच आडनावावरून आला. पुढे १९५८ मध्ये जर्मनीतील आर्टुर फिशर यांनी नायलॉनची फुगणारी गिट्टी शोधून काढली. आज हार्डवेअरच्या दुकानांत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या त्याच कुळातल्या आहेत.

आता हीच गिट्टी बोर्डात बसवली तर काय होईल? तिला धरायला केवळ १२.५ मि.मी.चा ठिसूळ थर मिळतो. उरलेली गिट्टी पोकळीत लोंबकळत राहते. ती फुगली, की बोर्ड दाबाला प्रतिकार करण्याऐवजी भुरभुरतो. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट वाटतो. आठवड्याने तो हलू लागतो. आणि एके दिवशी भिंतीचा तुकडा घेऊनच बाहेर येतो. येथे दोष गिट्टीचा नसतो, बोर्डाचाही नसतो. दोघांची जोडी चुकलेली असते.

४. भिंत ओळखावी कशी?

जाणता दुकानदार गिऱ्हाइकाला प्रथम 'भार किती?' असे विचारत नाही; तो विचारतो, 'भिंत कसली?' आपल्याकडे कोणत्याही पांढऱ्या गुळगुळीत भिंतीला सरसकट 'पीओपीची भिंत' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे घोटाळा होतो. काँक्रीटवर किंवा विटांवर जिप्समचा गिलावा केलेली भिंत भरीव असते. जिप्सम बोर्डाची भिंत पोकळ असते. दोन्हींवरचा रंग सारखाच दिसतो.

भिंतीला कान असतात, अशी म्हण आहे. या भिंतीला आवाजही असतो. बोटांच्या पेरांनी हलकेच ठोकत गेल्यास पोकळ जागी ढोलासारखा घुमणारा आवाज येतो; खांबाच्या जागी तो बसका आणि आखूड होतो. लहान लोहचुंबक भिंतीवरून फिरवल्यास बोर्ड जखडणाऱ्या स्क्रूंच्या माथ्यांवर तो ओढला जातो. असे बिंदू एका उभ्या रेषेत सापडले, की त्यांच्यामागे खांब आहे असे समजावे.

तिसरी खूण छिद्र पाडताना बाहेर पडणाऱ्या भुकटीची. पांढरी भुकटी येऊन बारा-तेरा मि.मी.नंतर ड्रिल एकाएकी मोकळे सुटले, तर ती पोकळ बोर्डाची भिंत होय. पांढऱ्यानंतर राखाडी भुकटी आणि कडक विरोध जाणवला, तर मागे काँक्रीट आहे. तांबडी भुकटी विटेची असते. पंचवीस मि.मी.पर्यंत पांढरी भुकटी येऊन मग पोकळी लागली, तर बहुधा बोर्डाचे दोन थर आहेत.

ब्रिटनमधील घरांत आणखी एक प्रकार आढळतो. तेथे भरीव भिंतीवर चिकट मसाल्याचे गोळे लावून त्यांवर बोर्ड डकवलेला असतो. अशा ठिकाणी बोर्ड आणि फटीतून आरपार जाऊन मागच्या भरीव भिंतीत पुरेशी खोल रुतेल अशी लांब गिट्टी व स्क्रू वापरणे इष्ट ठरते.

छिद्र पाडण्यापूर्वी विजेच्या तारांचा विचार करणे अत्यावश्यक आहे. तारा बहुधा बटणांच्या पेटीतून सरळ वर किंवा खाली जातात. काही ठिकाणी त्या आडव्याही नेलेल्या असतात. म्हणून पेटीच्या वर, खाली आणि रेषेत आडवे छिद्र पाडू नये. शंका असेल तर मुख्य बटण बंद करून, बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलने काम करावे. पाण्याच्या नळांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी.

५. भाराचे गणित

समजा, एक मीटर लांब आणि २५ सें.मी. रुंद अशी फळी बसवायची आहे. तीन सें.मी. जाडीच्या एका पुस्तकाचे वजन ७०० ग्रॅम धरले, तर एक मीटरमध्ये अशी ३३ पुस्तके मावतील. त्यांचे वजन सुमारे २३ कि.ग्रॅ. होईल. अठरा मि.मी. प्लायवुडची फळी व लोखंडी ब्रॅकेट यांचे मिळून ३ कि.ग्रॅ. धरावेत. एकूण भार २६ कि.ग्रॅ. दोन ब्रॅकेट असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला १३ कि.ग्रॅ. येतील.

हा भार खाली खेचतो, हे सहज लक्षात येते. परंतु तो आणखी एक काम करतो, ते सहज लक्षात येत नाही. फळी भिंतीपासून पुढे आलेली असते. त्यामुळे ब्रॅकेट आपल्या खालच्या टोकावर किंचित फिरू पाहतो आणि वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो. ही ओढ पुढील रीतीने काढता येते:

ओढ = ब्रॅकेटवरील भार × भाराचे भिंतीपासूनचे अंतर ÷ वरच्या स्क्रूचे ब्रॅकेटच्या खालच्या टोकापासूनचे अंतर

पुस्तकांचा भार फळीच्या मध्यावर, म्हणजे भिंतीपासून १२.५ सें.मी. अंतरावर मानू. वरचा स्क्रू खालच्या टोकापासून २० सें.मी. वर असेल, तर ओढ १३ × १२.५ ÷ २०, म्हणजे सुमारे ८ कि.ग्रॅ. येते. तेच अंतर १० सें.मी. असलेला आखूड ब्रॅकेट घेतला, तर ओढ दुप्पट, म्हणजे १६ कि.ग्रॅ. होते. पुस्तके तीच, भिंतही तीच. केवळ ब्रॅकेट आखूड झाल्याने वरच्या स्क्रूवरचे संकट दुणावते. म्हणून ब्रॅकेटची उभी भुजा जितकी लांब तितकी चांगली, आणि फळी गरजेपेक्षा रुंद नसावी.

आधाराच्या पाकिटावर छापलेला आकडा वाचतानाही सावध असावे. काही आकडे आधार निखळून पडतो तेव्हाच्या भाराचे असतात, सुरक्षित भाराचे नव्हेत. निखळण्याच्या भाराचा फार तर चौथा हिस्सा सुरक्षित मानावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. शिवाय तो आकडा कोणत्या जाडीच्या बोर्डासाठी आहे, आणि खाली खेचणाऱ्या भाराचा आहे की बाहेर ओढणाऱ्या भाराचा, हेही पाहावे.

या संकेतानुसार आपल्या ८ कि.ग्रॅ. ओढीसाठी ३२ कि.ग्रॅ.पर्यंत न निखळणारा आधार निवडला, असे समजू. आता वीस किलो वजनाचे एक मूल वरचे पुस्तक काढण्यासाठी फळीच्या पुढच्या कडेला एका टोकाशी लोंबकळते. तो भार जवळजवळ एकाच ब्रॅकेटवर येतो. त्याची ओढ २० × २५ ÷ २०, म्हणजे २५ कि.ग्रॅ. पुस्तकांची आधीची ८ कि.ग्रॅ. मिळवली, की ३३ कि.ग्रॅ. होतात. झोका घेण्याचा हिसका तर यात धरलेलाच नाही. चौपट राखीव ठेवूनही आपला आधार अपुरा पडला. फळीचे गणित करताना पुस्तके तर मोजावीतच. परंतु त्या घरात कोण राहते, हेही मोजावे.

६. आधारांचे प्रकार आणि निवड

पोकळ भिंतीसाठी अनेक आधार बाजारात मिळतात. त्यांचे स्थूलमानाने पुढील प्रकार पडतात.

*आटेदार आधार* : हा प्लास्टिकचा किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा, रुंद आट्यांचा असतो. तो सरळ बोर्डात पिळून बसवतात. बसवण्यास सोपा, परंतु तो बोर्डाच्या गाभ्यालाच धरून राहतो. चित्राची चौकट, लहान घड्याळ, किल्ल्यांची पट्टी यांसाठी तो पुरेसा आहे. पुस्तकांच्या फळीसाठी त्यावर विसंबू नये.

*मागे उमलणारा धातूचा आधार* : याची नळी छिद्रातून आत जाते आणि स्क्रू पिळला की बोर्डामागे तिच्या पाकळ्या छत्रीसारख्या उमलतात. भार बोर्डाच्या मोठ्या भागावर पसरतो. नळीची लांबी बोर्डाच्या जाडीशी जुळणारी हवी. अन्यथा पाकळ्या नीट उमलत नाहीत. स्क्रू काढला तरी नळी जागेवर राहते, हा याचा मोठा गुण. मध्यम भारासाठी तो उपयुक्त आहे.

*पंखांचा आधार* : लांब स्क्रूला स्प्रिंगचे दोन पंख असतात. ते मिटून छिद्रातून आत सारायचे आणि आत ते आपोआप उघडतात. याची पकड चांगली असते. परंतु छिद्र मोठे पाडावे लागते, आणि स्क्रू पूर्ण काढल्यास पंख पोकळीत पडतात. मागे मोकळी जागा नसेल, तर तो निरुपयोगी ठरतो.

*थेट खांबात स्क्रू* : लाकडी खांब असेल, तर बोर्ड ओलांडून खांबात निदान तीन-चार सें.मी. रुतणारा लाकडाचा स्क्रू हा सर्वांत भरवशाचा आधार होय. बोर्डाला येथे भार वाहावाच लागत नाही. पत्र्याच्या खांबाचे तसे नाही. त्याचा पत्रा अवघा अर्धा मि.मी.च्या आसपास जाड असतो, आणि स्क्रूचे एखाद-दुसरे आटेच त्याला धरतात. म्हणून जड फळीसाठी भिंत उभारतानाच खांबांच्या मध्ये प्लायवुडची किंवा लाकडाची आडपट्टी बसवून घ्यावी.

यावरून निवडीचा क्रम असा ठरतो :

(१) लाकडी खांब किंवा आतली आडपट्टी सापडत असेल, तर ब्रॅकेट तेथेच बसवावेत. खांबांतील अंतर ६०० मि.मी. असेल, तर एक मीटरची फळी दोन्ही बाजूंना २०-२० सें.मी. पुढे ठेवून नेमकी बसते. अंतर ४०० मि.मी. असेल, तर तीन खांबांवर तीन ब्रॅकेट घ्यावेत.

(२) फळीची जागा खांबांशी जुळत नसेल, तर प्रथम लाकडाची एक आडवी पट्टी दोन-तीन खांबांना जखडावी आणि फळी त्या पट्टीवर बसवावी.

(३) खांब मिळतच नसतील, तर मागे उघडणारे आधार वापरावेत, त्यांची संख्या वाढवावी, फळी अरुंद ठेवावी आणि हलक्या वस्तूच मांडाव्यात.

(४) भार जास्त, घरात लहान मुले आणि भिंतीचा भरवसा नाही, असे असेल तर फळी टांगूच नये. जमिनीवर उभे राहणारे कपाट घ्यावे आणि ते पुढे कलंडू नये म्हणून वरच्या बाजूस खांबाला पट्टीने बांधावे. काय करू नये हे वेळीच ठरवणे, हेही कौशल्यच आहे.

७. कामाची रीत

जागा निश्चित झाली, की पाणसळीच्या साहाय्याने आडवी रेषा आखावी. ओळंब्याने खांबाची उभी रेषा तपासून घ्यावी. ड्रिलची ठोके देणारी कळ बंद ठेवावी. ठोक्यांनी बोर्डाची मागची बाजू फुटते. छिद्र आधाराच्या पाकिटावर दिलेल्या मापाचेच पाडावे. 'थोडे मोठे झाले तर काय बिघडते', हा विचार विटेच्या भिंतीत कदाचित खपेल. बोर्डात खपत नाही. स्क्रू घट्ट बसला की थांबावे. आणखी एक पीळ देण्याचा मोह आवरावा, कारण त्या एका पिळाने कागद फाटतो आणि आधार जागच्या जागी फिरू लागतो. फळी बसल्यावर एकदम सर्व पुस्तके मांडू नयेत. थोडा भार ठेवून एक-दोन दिवस निरीक्षण करावे. ब्रॅकेटच्या वर बारीक फट दिसली किंवा रंगाला तडा गेला, तर फळी ताबडतोब रिकामी करावी.

फळी बसल्यानंतर तिच्यावरची पुस्तके दिसतात, तिची चकाकी दिसते. आत उमललेल्या पाकळ्या किंवा खांबात रुतलेला स्क्रू कोणालाच दिसत नाही. सुताराने ते काम नीट केले की नाही, हे घरमालकाला पाहून कळत नाही. तरीही त्या फळीखाली अभ्यासाला बसणारे मूल त्या न दिसणाऱ्या कामाच्या भरवशावरच बसलेले असते. कारागिराचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच.

भाषाभ्यास

(अ) अर्थच्छटा : 'वजन' हा वस्तूचा गुण आहे, 'भार' हा ती वस्तू ज्यावर टेकते त्याला जाणवतो, 'ओढ' ही विशिष्ट दिशेने खेचणारी असते. पुस्तकाचे *वजन* ७०० ग्रॅम असते, फळीवर पुस्तकांचा *भार* पडतो, आणि वरच्या स्क्रूला *ओढ* बसते. व्यवहारात आपण हे शब्द अदलाबदलीने वापरतो. माहितीपर लेखनात तसे करू नये. मराठीत 'ओढ' हा शब्द मनाच्या ओढीसाठीही येतो. संदर्भ पाहूनच त्याचा अर्थ ठरवावा लागतो.

(आ) वाक्प्रचार : भार पेलणे, भार हलका करणे, एखाद्यावर विसंबणे, पाठीशी उभे राहणे. यांतील शेवटचा वाक्प्रचार बोर्डामागे उमलणाऱ्या आधाराला शब्दशः लागू पडतो, हे आपल्या लक्षात आले असेलच.

(इ) विध्यर्थी क्रियापदे : 'आखावी', 'तपासावी', 'थांबावे', 'मांडू नयेत' अशी रूपे या पाठात वारंवार आली आहेत. कृती सांगणाऱ्या लेखनात ही रूपे वापरली, की सूचना आज्ञेसारखी कठोर वाटत नाही आणि तिचा नेमकेपणाही कमी होत नाही.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.

१. बोर्डाची बरीचशी ताकद कशात असते?
(अ) रंगात (आ) दोन्ही अंगांच्या कागदात (इ) पोकळीत (ई) लोकरीत

२. ब्रॅकेटची उभी भुजा आखूड केल्यास वरच्या स्क्रूवरील ओढ –
(अ) कमी होते (आ) तेवढीच राहते (इ) वाढते (ई) नाहीशी होते

३. पांढऱ्या भुकटीनंतर ड्रिल एकाएकी मोकळे सुटले, तर भिंत कोणती?
(अ) विटेची (आ) काँक्रीटची (इ) मातीची (ई) पोकळ बोर्डाची

आपण काय शिकलात?

- जिप्सम बोर्डाची भिंत दिसायला भरीव, पण आतून पोकळ असते.
- भरीव भिंतीची गिट्टी बोर्डात टिकत नाही. तेथे खांबाचा किंवा मागे उघडणाऱ्या आधाराचा आश्रय घ्यावा लागतो.
- फळीचा भार खाली खेचतो, तसाच वरचा स्क्रू बाहेरही ओढतो.
- पाकिटावरील आकड्यापेक्षा बराच कमी भार सुरक्षित मानावा, आणि घरातील माणसांचा विचार हिशेबात घ्यावा.

पाठान्त प्रश्न

१. गिट्टीचे तत्त्व स्पष्ट करून ते जिप्सम बोर्डात का लागू पडत नाही, ते लिहा.

२. फळीची रुंदी ४० सें.मी., एका ब्रॅकेटवरील भार १० कि.ग्रॅ. आणि वरच्या स्क्रूचे खालच्या टोकापासूनचे अंतर २० सें.मी. आहे. भार फळीच्या मध्यावर मानून ओढ काढा.

३. 'काय करू नये हे वेळीच ठरवणे, हेही कौशल्यच आहे.' या विधानाचा आशय आपल्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. आपल्या परिसरातील सुतार, गवंडी किंवा वीजतंत्री यांच्याशी बोलून त्यांच्या व्यवसायातील दहा शब्दांचा संग्रह करा. आपण ज्या प्रांतात राहता तेथील भाषेत त्या वस्तूंना काय म्हणतात, तेही लिहा.

५. आपणांस येत असलेल्या कोणत्याही एका हस्तकामाची कृती विध्यर्थी क्रियापदे वापरून पंधरा ओळींत लिहा.

उत्तरसूची

पाठगत प्रश्न : १. (आ) २. (इ) ३. (ई)

पाठान्त प्रश्न २ : १० × २० ÷ २० = १० कि.ग्रॅ.